कपाशी देवळीची, विद्या कोणाची?

वर्धा ते कळंब हा नवा लोहमार्ग ता. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला आणि देवळीस आगगाडी आली. १८६७ सालीं मुंबईची गाडी नागपुरास पोंचली ती पुलगांव व वर्धा यांस जवळ करून व देवळीस बाजूला टाकून. तेव्हां दीडशें वर्षांहून अधिक काळ जी सोय शेजाऱ्यांच्या दारांत होती ती आतां आमच्या दारांत आली, याचा येथील व्यापारी मंडळीस आनंद वाटला तर तो रास्तच आहे. राष्ट्रीय महामार्ग गांवाजवळून जातो, समृद्धि महामार्ग जिल्ह्यांतून जातो, गांवाबाहेर औद्योगिक वसाहत उभी आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें वर्ध्यास झालेल्या समारंभांत शेजारच्या अमरावतीच्या वस्त्रोद्योग वसाहतीची कोनशिलाही बसली. आतां देवळीचे दिवस पालटलेच, असें म्हणणारांची संख्या त्यामुळें बरीच वाढली आहे. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. ज्या डब्यांतून आपला माल बाहेर जातो त्याच डब्यांतून दुसऱ्याचा माल आंत येतो; आणि कोणत्या दिशेचे डबे अधिक भरतील हें रूळ ठरवीत नाहींत, माल करण्याची विद्या कोणाजवळ अधिक आहे त्यावरून तें ठरतें.

याचा दाखला फार लांब शोधावयास नको. १९ ऑगस्ट २०२५ रोजीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा ११ ची आयात जकात उठविली. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, व पुढें ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. ऐन हंगामाच्या तोंडाशीं असा निर्णय घेणें हें विदर्भाच्या शेतकऱ्यावर अन्यायाचें होतें असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु जकातीला शिव्या देऊन जो प्रश्न उरतो तोच खरा प्रश्न होय. सात समुद्रांपलीकडचा कापूस, जहाजाचें भाडें सोसून, आमच्या गिरणीच्या दारांत आमच्या कापसाशीं टक्कर देतो तो कशाच्या जोरावर? ब्राझील देशांत हेक्टरीं अठराशें किलोंच्या आसपास रुई निघते. हिंदुस्थानची सरासरी साडेचारशेंच्या आगेंमागें घोटाळते, व महाराष्ट्राची तर त्याहूनही खालीं आहे. तेथील कपाशीही बहुतेक पावसावरच होते, मात्र पाऊस भरवंशाचा आहे, हा भेद मान्य केला पाहिजे. पण चौपटीचा फरक एकट्या पावसानें पडत नाहीं. १९७३ सालीं त्या देशाच्या सरकारनें 'एम्ब्रापा' ही शेतकी संशोधनाची संस्था काढली; त्यावर न थांबतां मातो ग्रोसो प्रांतांतील कापूसवाल्यांनीं स्वतःच्या वर्गणीनें स्वतःची निराळी संशोधन संस्था उभारली. २०२३-२४ च्या हंगामांत ब्राझीलनें निर्यातींत अमेरिकेस मागें टाकलें तें या पुंजीवर.

विद्या परक्याच्या हातीं राहिली म्हणजे पिकाचें काय होतें हें या देशानें एकदां पाहिलें आहे. बिहारांत निळीचें केवढें राज्य होतें! १८९७ सालीं जर्मनीच्या कारखान्यानें रसायनापासून नीळ करून ती बाजारांत विकावयास आणली, आणि थोड्याच वर्षांत निळीचीं शेतें ओसाड पडूं लागलीं. निळे गोरे मळेवाले गेले याचें दुःख कोणी करणार नाहीं. पण त्या दिवशीं शेतानें प्रयोगशाळेपुढें हार खाल्ली, ही गोष्ट कपाशीवाल्यांनीं विसरण्यासारखी नाहीं.

मग आमच्याकडे प्रयोगशाळा नाहींत काय? आहेत, आणि त्या हाकेच्या अंतरावर आहेत. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. पुढें कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण, जे मँगॅनीजच्या खाणींचे धनी होते, ते १९३० सालीं वारले तेव्हां त्यांच्या मृत्युपत्रान्वयें सुमारें ३५ लाख रुपये या विद्यापीठास मिळाले. व्यापाऱ्यांचीं मृत्युपत्रें बहुधा धर्मशाळेकडे, देवळाकडे व अन्नछत्राकडे वळतात, व त्यांस आमचा विरोध नाहीं. या गृहस्थानें मात्र आपलें द्रव्य उपयोजित शास्त्र व रसायन यांच्या शिक्षणासाठींच, असें नेमून ठेविलें. त्या काळचे ३५ लाख म्हणजे काय, याचा हिशेब व्यापारी वाचकांनीं आपल्या मनाशीं करावा. त्यांतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था निघाली; तेलाचें, रंगाचें, अन्नाचें व कागदाचें तंत्र तेथें शिकविलें जाऊं लागलें, आणि २०२३ पासून तें स्वतंत्र विद्यापीठ झालें आहे. याशिवाय १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरास आहे, अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आहे. एवढी विद्या भोंवतीं असून देवळीचा कापूस शंभर वर्षांपूर्वीं जसा गाठ बांधून गांव सोडून जाई तसाच बहुतांशीं आजही जातो.

याचें कारण आमच्या मतें असें कीं, विद्यापीठाला प्रश्न विचारणारा शेजारी येथें भेटलाच नाहीं. मुंबईचें उदाहरण घ्या. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रसायन तंत्रशास्त्राचा विभाग काढला तेव्हां गिरण्या त्याच्या आसपास धडधडत होत्या. कापडाचा रंग कां उडतो, खळ कोणती घालावी, हे प्रश्न घेऊन गिरणीवाला दारांत उभा असे. त्या विभागांतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं पश्चिम हिंदुस्थानांत रसायनांचे कारखाने काढले. नागपूरच्या पदवीधराला हुशारी कमी नव्हती. पण घरीं काम नसल्यामुळें पुष्कळदां त्यानें मुंबईची किंवा गुजराथेची वाट धरली, आणि लक्ष्मीनारायणांच्या देणगीचें व्याज आम्ही परप्रांतास भरीत राहिलों.

प्रश्न विचारणारा भेटला तर काय होतें हें पाहण्यास मात्र वर्ध्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व मगनवाडींत जे. सी. कुमारप्पांनीं त्याचें काम चालविलें. गिरणीच्या तेलापुढें गांवचा तेली कां टिकत नाहीं, हा तेथें विचारलेला प्रश्न होता. झवेरभाई पटेल यांनीं बैलघाणीचा अभ्यास करून तींत सुधारणा केल्या, आणि 'वर्धा घाणी' या नांवानें ती देशभर पसरली. तत्पूर्वीं १९२९ सालीं चांगल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस लावण्यांत आलें होतें. खादी म्हणजे यंत्रशास्त्राशीं वैर, असें ज्यांस वाटतें त्यांनीं या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मगनवाडींतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ती देवळीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर.

सरकारी संशोधनावर सर्व भार टाकून स्वस्थ बसावें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. १९७० सालीं सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनीं पहिला संकरित कापूस दिला तो सरकारी शेतावरचाच, हें खरें. पण 'बिकानेरी नर्मा बीटी' या वाणाची कथा तितकीच खरी आहे. धारवाडचें कृषि विद्यापीठ व नागपूरची कापूस संस्था यांच्या कामांतून तो निघाला. बियाणें जपून पुढच्या वर्षीं पेरतां येईल, कंपनीच्या दुकानाची वाट धरावी लागणार नाहीं, अशी त्याची थोरवी होती. २००९ सालीं तो शेतकऱ्याच्या हातीं आला, आणि त्यांत परदेशी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळल्यामुळें लागलीच मागें घ्यावा लागला. २०१२ सालीं सोपोरी समितीनें त्यावर ताशेरे झाडले. ज्या कामावर गिऱ्हाइकाची रोजची नजर नसते त्याची गत अशी होते. इकडे २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भाचें पीक खाल्लें, आणि त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें शेतकरी व मजूर यांचे प्राण गेले. संशोधनाची हयगय ही कागदावरची चूक राहत नाहीं, ती अशी घराघरांत येते.

आमची सूचना अशी आहे, आणि ती नवी नाहीं. १९२३ सालीं कापसावर सेसचा कायदा झाला. गाठीमागें कांहीं आणे घेऊन त्या पैशावर मध्यवर्ती कापूस समितीचें काम चाले, व त्यांतूनच १९२४ सालीं माटुंग्यास कापसाची तंत्रशाळा निघाली. ती अजून चालू आहे व तिचें जिनिंगचें केंद्र नागपुरास आहे. परक्या सरकारच्या अमदानींतही गाठ आपल्या संशोधनाचा खर्च आपण देत असे! आज राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ०.६४ एवढाच भाग हा देश संशोधनावर खर्चतो, आणि २०२३ च्या संशोधन प्रतिष्ठानाच्या कायद्यानें जे ५०,००० कोटी रुपये योजिले आहेत त्यांतील बहुतेक रक्कम खाजगी धनिकांकडून यावयाची अपेक्षा आहे. धनिक म्हणजे मुंबईचेच, असें कायद्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

देवळी तालुक्यांतील जिनवाल्यांनीं व अडत्यांनीं कायद्याची वाट न पाहतां स्वखुषीनें गाठीमागें दहा रुपये बाजूस काढावे. गाठीची किंमत आज पांच आंकडी असतां दहा रुपयांनीं कोणी बुडणार नाहीं. दहा हजार गाठी बांधणाऱ्या एका जिनांतून लाख रुपये उभे राहतात. हा पैसा देणगी म्हणून देऊं नये, नाहीं तर त्याची एक फरशी बसेल व तीवर नांवें कोरलीं जातील. करार लिहून, मुदत घालून, एकेका प्रश्नाच्या उत्तरासाठीं तो द्यावा.

प्रश्न ढिगानें पडले आहेत. शंभर किलो कापसांतून ३४ किलोंच्या आसपास रुई निघते व बाकीची बहुतेक सरकी. आमचा व्यापारी रुईचा भाव दिवसांतून दहादां विचारील, सरकीकडे पाहील तो ढेपेपुरता. सरकी न सोलतां गाळली जाते, तिचें बरेंचसें तेल ढेपेंतच राहून जातें, आणि टरफलावरचे आखूड तंतू, ज्यांपासून कागद व रसायनें होतात, ते फुकट जातात. गवळी म्हणेल कीं तेल राहिलेली ढेपच म्हशीला मानवते. म्हणेना, तेल काढून तितकीच मानवणारी ढेप कशी करावी, हाच नागपूरच्या तेलतंत्रज्ञांस घालावयाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पऱ्हाटीचा. हेक्टरीं दोन-तीन टन पऱ्हाटी शेतांत जळते किंवा बांधावर पडून बोंडअळीला घर देते. तिच्यापासून फळ्या व जळणाच्या कांड्या करण्याचे प्रयोग माटुंग्याच्या संस्थेनें केलेलेच आहेत. येथल्या भाड्यानें व येथल्या मजुरीनें तें परवडेल काय, एवढेंच पाहणें आहे, आणि तो हिशेब प्राध्यापकापेक्षां देवळीचा व्यापारी अधिक बरा करील.

विद्यापीठांनींही आपल्या बाजूनें थोडें खालीं उतरलें पाहिजे. निबंध किती छापले यावर बढती मिळते तोंवर जिनाच्या धुळींत येऊन उभा राहणारा प्राध्यापक विरळाच. वर्षांतून महिनाभर बाजारांत किंवा शेतावर काढल्याखेरीज उपयोजित शास्त्राच्या माणसास बढती नाहीं, असा नियम नव्या लक्ष्मीनारायण विद्यापीठानें केला, तर मूळ दात्याच्या मृत्युपत्राशीं तो सुसंगतच होईल.

पहिलें पत्र नागपुरास जावयाचें. तें लिहिण्यास पावसाळ्याचे महिने सोईचे; कारण एकदां दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या दाराशीं लागल्या म्हणजे जिनवाल्यास मान वर करण्याची फुरसत नसते.