आजीचे नव्वद दिवस

नोकरीनिमित्त आम्स्टरडॅम किंवा लगतच्या आम्स्टेलवेनला गेलेल्या मराठी जोडप्याकडे पाळणा हलणार असे कळले, की पहिला हिशेब होतो तो आजीच्या व्हिसाचा. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. मग डिंक, अळीव, बाळंतशोपा बॅगेत भरून आजी प्रसूतीच्या पंधरा दिवस आधी पोहोचते आणि बाळ अडीच महिन्यांचे झाले की परतते.

नेदरलँड्सची स्वतःची एक सोय आहे, तिला क्रामझोर्ख म्हणतात. प्रसूतीनंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित मदतनीस रोज काही तास घरी येते. बाळंतिणीचे टाके पाहते, बाळाचे वजन, ताप, शी-शू यांची नोंद ठेवते, अंगावर पाजायला शिकवते. मूलभूत आरोग्यविम्यात ही सेवा असते. तासामागे थोडे पैसे भरावे लागतात. ‘आई येतेच आहे, परकी बाई कशाला?’ म्हणून तिचे तास कमी करून घेणे शहाणपणाचे नाही. आजीच्या हाताला अनुभव आहे, पण आठवड्यात बाळाचे वजन किती टक्के उतरले हे काट्यावरच कळते.

दोघींचे जमतेही. डच घरात बाळ जन्मले की टोस्टवर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पसरून पाहुण्यांना देतात. त्या बीने दूध वाढते, अशी तिथलीही जुनी समजूत. बाळंतशोपा चघळायला देणाऱ्या आजीला हे वेगळे समजवावे लागत नाही.

काही बाबतींत मात्र आजीने मागे सरावे. मध बाळाला वर्षभर चाटवू नये, गुटीतूनही नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. काजळात शिसे असू शकते. हीटिंग चालू असलेल्या खोलीत टोपी, दुपटे आणि वर गोधडी, हेही नको. बाळाला पालथे झोपवू नका, हा प्रचार नेदरलँड्सने 1987 साली सुरू केला आणि पाळण्यातले अचानक मृत्यू झपाट्याने घटले. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअसवर ताप आला, तर पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करण्यात वेळ न घालवता तिथल्याच डॉक्टरांना लगेच फोन करावा.

खरी अडचण आजी विमानात बसल्यावर सुरू होते. नोकरी करणाऱ्या आईची प्रसूतीनंतरची रजा दहा-बारा आठवड्यांची. ती साधारण त्याच सुमारास संपते. नोकरी नसलेली आई दिवसभर चार भिंतींत एकटी पडते, बाहेर अंधार आणि पाऊस. पहिल्या दोन आठवड्यांतले रडू बहुतेक जणींचे आपोआप ओसरते. प्रसूतीनंतरचे नैराश्य तसे नसते आणि ते वर्षभरात केव्हाही डोके वर काढू शकते. बाळ झोपले तरी झोप न येणे, कशातच मन न लागणे, आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटत राहणे, हे दोन आठवडे टिकले तर उपचार लागतात आणि त्यांनी बरे वाटते. फोनवर ती घरी ‘सगळं छान’ असेच सांगणार. बाळाचे फोटो पाहून तिची तब्येत कळत नाही.

म्हणून आजीचे सगळे दिवस सुरुवातीलाच खर्चू नयेत. पहिले आठ दिवस क्रामझोर्ख आणि वडिलांची पूर्ण पगारी आठवड्याची रजा असतेच. आजी त्यानंतर पोहोचली तरी चालते. वडिलांना त्याशिवाय आणखी पाच आठवडे मिळतात, कमाल मर्यादेत पगाराच्या 70 टक्क्यांवर. ही रजा आजीबरोबरच घेऊन टाकण्याकडे कल असतो, कारण घर भरलेले असते आणि बारसे असते. ती आजी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घ्यावी. बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी ती संपवावी लागते आणि अर्ज चार आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणजे आजीच्या परतीचे तिकीट काढतानाच.