सॉफ्टवेअर नवं आलं, पण हिशोब कुणी वाचायचा?

मंडळी, ग्रामसभेत कुणी खर्चाचं विचारलं की हल्ली एकच उत्तर तयार असतं, "सगळं ऑनलाइन आहे, बघून घ्या." झालं, विषय संपला!

आता हे ऑनलाइन काय आहे ते बघू. आधी ग्रामपंचायतीच्या कामांसाठी केंद्राची वेगवेगळी सॉफ्टवेअर होती. आराखडा भरायला प्लॅनप्लस, कामाची प्रगती टाकायला ॲक्शनसॉफ्ट, जमाखर्चाला प्रियासॉफ्ट. एकाच नालीची माहिती तीन जागी भरायची. २४ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, ई-ग्रामस्वराज सुरू झालं आणि हे सगळं एका छताखाली आलं. पैसा चेकनं न जाता पीएफएमएसमधून थेट खात्यावर. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की पासवर्डशिवाय कुणालाही आराखडा आणि खर्च दिसतो. जुन्यापेक्षा हे चांगलंच आहे, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवणार नाही.

पण त्याच्याही आधीची आवृत्ती आठवा, कागदाची. नमुना नंबर ५, रोकडवही. चौथी शिकलेला म्हातारासुद्धा बोट ठेवून विचारायचा, "हे चार हजार कशाचे रं?" आज तोच म्हातारा स्क्रीनवर इंग्रजीत कामाचं नाव आणि लांबलचक आयडी बघून गप्प बसतो. पंधराव्या वित्त आयोगानं ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित ठेवला, हे त्याला कोण सांगणार? आणि काम पूर्ण झाल्याचा पुरावा काय, तर लोकेशनसकट फोटो. फोटोत नाली दिसते, पाणी कुठं तुंबतं ते दिसत नाही.

दुसरं, डिजिटल सही. तिच्याशिवाय पैसा हलत नाही, नियम चोख. पण सरपंच बाई असतील तर तो डोंगल कुणाच्या खिशात असतो, हे मी सांगायला पाहिजे का?

सॉफ्टवेअरला नाव दिलं ग्रामस्वराज. आपल्याच तालुक्यात उजेडला दरवर्षी जानेवारीत गांधीबाबांची यात्रा भरते, देवाची भरावी तशी. नाव कुणाचं घेतलंय ते इथं तरी कुणाला शिकवायला नको.

म्हणून मागणी साधी आहे, सॉफ्टवेअर बदलायची गरजच नाही. साकोळ असो, येरोळ असो की उजेड, प्रत्येक ग्रामपंचायतीनं ई-ग्रामस्वराजवरचा आपला आराखडा आणि वर्षाचा खर्च मराठीत छापून फलकावर लावावा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचावा. कामाचं नाव, जागा, रक्कम, पैसा कुणाला गेला, एवढंच. दोन-चार पानांचं काम आहे, त्याला कुठला जीआर लागतो?

ज्या गावात असा कागद लागेल तिथला फोटो मला पाठवा. त्या गावाची बातमी मी स्वतः येऊन करतो.