फाटण्याआधीचं ठिगळ

परवा भाचा होडीचं मोठं शीड घेऊन घरी आला. मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन आला होता. हॉलमध्ये शीड पसरायला सोफा, टीपॉय सगळं हलवावं लागलं! म्हणाला, "अगं आत्या, वादळ नाही, काही नाही, तरी उसवलं. नवीनच घ्यावं म्हणतो."

मी चष्मा लावून बघितलं. शाळेत मराठीबरोबर शिवणही शिकवलंय मी. कापड धडधाकट होतं. गेले होते ते फक्त टाके.

कारण त्यानेच सांगितलं. डोलकाठी उभी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि त्या फाकवून धरायला काठीला आडवे दांडे असतात. वारा पाठीमागून असला की शीड बाहेर सोडतात. मग ते त्या तारांवर आणि दांड्यांच्या टोकांवर टेकतं. हिवाळ्यात दुपारी आपल्या किनाऱ्यावर वायव्येचा वारा, म्हणजे गोव्याला जाताना पाठीकडूनच. होडी डुलली की शीड घासलंच. सुती शिडात टाका कापडात रुतायचा. हल्लीचं पॉलिएस्टर कडक, टाका वरच राहतो आणि आधी तोच झिजतो.

उपाय काही महाग नाहीत. दांड्यांच्या टोकांना चामडं शिवायचं. तारांवर प्लास्टिकची सैल नळी चढवायची, म्हणजे शिडाबरोबर नळीच फिरते. शिडाच्या तळाचा दांडा खाली ओढून बांधायचा, म्हणजे हालचाल कमी. शीड बाहेर सोडून कुठे टेकतं तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तिथे जादा कापड लावायचं. जुन्या दोरांच्या तुकड्यांचे झुबकेही तारांना बांधतात. भाचा म्हणतो ते अस्वलासारखे दिसतात आणि वारा अडवतात. बरं, झुबके राहू देत. पण चामडं आणि ठिगळ का नको? तर म्हणे, नव्या शिडाला ठिगळ शोभत नाही!

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. आमच्या लहानपणी आया मुलांच्या नव्या चड्डीला बसायच्या जागी आधीच दुहेरी कापड लावत. त्याची कुणाला लाज वाटत नसे. आणि चड्डी फाटली तर हसू होतं, भर समुद्रात रात्री शीड फाटलं तर काय होईल? आपल्या मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून आले. शिडं त्यांना स्वतःच शिवावी लागली. तिथे कुठली आत्या?

असो. मेण लावलेल्या दोऱ्याने दोन दिवस बसून शीड शिवून दिलं, ठिगळासकट. बोटं अजून दुखताहेत.

दादा, वाचतोयस ना? नव्या शिडासाठी त्याला पैसे देऊ नकोस. आधी चामडं आणायला लाव. तो समुद्रावर असला की तुला झोप लागत नाही, हे त्याला माहीत नसलं तरी मला माहीत आहे.