कोळशातील वायू आणि कातळाचा धडा

राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या गुंजवण्यात आषाढ-श्रावणात पाऊस अक्षरशः कोसळतो. ओढेनाले दुथडी भरून वाहतात, बालेकिल्ला दिवसेंदिवस ढगांत दडलेला असतो. तरीही चैत्र-वैशाख उजाडला की याच मावळातील कित्येक वाड्यावस्त्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. पावसाने दिले, पण कातळाने ठेवले नाही, आणि जे ठेवले तेही सहजी परत दिले नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते त्याच्या सांध्याभेगांत. म्हणून विहीर खणणारा जाणता माणूस प्रथम भेगा शोधतो, सुरुंग लावतो, विहिरीच्या तळातून आडवी बोअर मारतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तर विंधन विहिरीत उच्च दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करते. या तंत्राला ‘जलभंजन’ असे समर्पक नाव आहे.

गुंजवण्याच्या कातळात कोळसा नाही. परंतु ‘धन आहे, पण खडक ते सोडत नाही’ हा मावळातील प्रश्न आज देशाच्या ऊर्जाधोरणापुढेही उभा आहे. दामोदर आणि सोन नद्यांच्या खोऱ्यांतील कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला आहे. देशातील या वायूचा साठा सुमारे २६०० अब्ज घनमीटर असावा, असा सरकारी अंदाज आहे. दुसरीकडे, देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा परदेशांतून जहाजांनी आणावा लागतो. दाभोळच्या धक्क्यावर उतरणारा द्रवरूप वायू हा त्याचाच एक भाग. घरात धान्याची कणगी भरलेली आणि रोजचे पीठ मात्र उसने, अशी ही अवस्था आहे.

ती का आली, हे समजून घेतले पाहिजे. मिथेन कोळशाच्या पोटात पोकळी करून साठलेला नसतो. कोळशातील अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला तो चिकटून असतो आणि भेगांत भरलेल्या पाण्याचा दाब त्याला तेथे धरून ठेवतो. विहीर खोदून हे पाणी उपसले की दाब घटतो, वायू सुटतो आणि भेगांवाटे विहिरीकडे येतो. अर्थात भेगा पुरेशा मोकळ्या असतील तर! थर जितका खोल, तितके वरच्या खडकाचे ओझे अधिक आणि भेगा तितक्या घट्ट मिटलेल्या. आपल्याकडील पुष्कळ थर असेच आहेत. त्यांत वायू आहे, पण त्याला वाट नाही.

ही वाट काढण्याचे उपाय जगात सिद्ध झाले आहेत. उच्च दाबाने पाणी व वाळू सोडून थराला तडे द्यायचे आणि ते तडे वाळूच्या कणांनी उघडे ठेवायचे, हा पहिला. थरातूनच आडवी विहीर नेऊन तिने अधिकाधिक भेगा छेदायच्या, हा दुसरा. नायट्रोजन किंवा कर्बवायू आत सोडून मिथेनला बाहेर ढकलायचे, हा तिसरा. मात्र अमेरिकेतील सॅन वान खोऱ्यात १९९५ ते २००१ या काळात कर्बवायूचा प्रयोग झाला, तेव्हा तो शोषून कोळसा फुगला आणि भेगा अधिकच आवळल्या गेल्या. एका ठिकाणचे औषध दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून देता येत नाही, हाच याचा अर्थ. प्रत्येक थराची भेगांची दिशा, त्यावरील ताण आणि त्यातील पाणी वेगळे असते. ते मोजणारा माणूस आणि ते मोजण्याचा धीर आयात करता येत नाही.

आपल्याकडे या वायूचे धोरण १९९७ मध्ये आले. राणीगंज येथे व्यापारी उत्पादन सुरू व्हायला २००७ साल उजाडले, आणि मध्य प्रदेशातील शहडोलचा वायू वाहू लागला तो २०१७ मध्ये. आजही देशातील एकूण वायू उत्पादनात याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. भूगर्भाचा दोष काही अंशी मान्य केला, तरी उरलेला दोष कोणाचा? एकाच जमिनीखालील कोळसा एका मंत्रालयाचा आणि त्याच कोळशातील वायू दुसऱ्याचा, या वाटणीत वर्षे वाया गेली. २०१८ मध्ये कोल इंडियाला आपल्या खाणक्षेत्रांत हा वायू काढण्याची स्वतंत्र परवान्यातून मुक्तता मिळाली, हे उशिरा सुचलेले शहाणपण होय.

हा केवळ परकीय चलनाचा हिशेब नाही. सप्टेंबर २००६ मध्ये धनबादजवळील भाटडीह खाणीत वायूचा स्फोट होऊन सुमारे ५० कामगार प्राणास मुकले. जो वायू आधीच काढून घेतला तर चूल पेटवतो, तोच खाणीत साचला तर घरेच्या घरे विझवतो. खाणीत न पेटता हवेत निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. झरियातील मुनिडीह येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हा वायू काढून २००८ मध्ये कामगार वसाहतीला वीज पुरवली गेली. कोळसा काढण्यापूर्वी वायू काढणे शक्य आहे, हे तेथे दिसले. वायुयुक्त खाणींत हा अपवाद न राहता नियम झाला पाहिजे.

महाराष्ट्राने येथे भाबड्या अपेक्षा बाळगू नयेत. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा झरिया-राणीगंजच्या मानाने कमी पक्व असून त्यात वायूही कमी आहे. पण कठीण खडकाला बोलते करण्याची विद्या या राज्याला अपरिचित नाही. जलभंजन करणारे भूवैज्ञानिक आणि नागपूरचे खाणतज्ज्ञ यांचा अनुभव एकत्र आणून दामोदर खोऱ्याच्या कामी लावता येईल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. वायूसाठी उपसलेले पाणी पुष्कळदा खारट असते. ते ओढ्यात सोडले तर शेत नासते. आसपासच्या विहिरींची पातळी आधी नोंदवून मगच उपसा सुरू झाला पाहिजे, आणि ती नोंद गावाला दिसली पाहिजे. गावाचे पाणी घालवून मिळवलेल्या वायूला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

कातळ फोडून पाणी काढणाऱ्याला मावळात घाई चालत नाही. तो दगडावर कान ठेवतो, भेग कुठे जाते ते पाहतो आणि मगच पहार मारतो. शासन, शास्त्रज्ञ आणि उद्योग यांनी कोळशापुढेही याच सावधपणाने व चिकाटीने उभे राहावे. थर घट्ट आहे ही सबब आता पुरे झाली. आपला थर आपण स्वतः वाचायला शिकलो, तर त्यातील धन देशाच्या चुलीपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, पण ते पोहोचेल.