सुटीतली मुले कोणाच्या भरवशावर?

नारायणगाव - उन्हाळी सुटी लागते, त्याच सुमारास येथील उपबाजारात टोमॅटोची आवक वाढते. तोडणी, प्रतवारी आणि भरणीच्या कामावर महिला मजूर दिवसभर घराबाहेर असतात. प्रश्न उरतो तो त्यांच्या शाळकरी मुलांचा.

अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतील पाळणाघरांचीही मर्यादा तीच. शहरातील पाळणाघरे सुटीत मोठ्या मुलांसाठी दिवसभराची शिबिरे घेतात, मात्र त्यांचे शुल्क मजुरीवर जगणाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे असते.

जुन्नर वन विभागात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये याच विभागातील पिंपरखेड (ता. शिरूर) येथे बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचा बळी गेला, त्यांतील एक शाळकरी वयाचा होता. उसाच्या कडेने एकटे फिरणारे मूल येथे सुरक्षित नाही.

दुष्काळी भागांत सुटीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. म्हणजेच सुटीत शाळा उघडणे अशक्य नाही. शाळेच्या दोन खोल्या, एक मानधनी सेविका आणि दुपारचे जेवण एवढ्यावर शिबिर उभे राहू शकते. ज्या बाजाराची उलाढाल या महिलांच्या श्रमावर चालते, त्या बाजार समितीनेच खर्चाचा पहिला वाटा उचलणे न्याय्य ठरेल.