व्हिडिओ लावावा, पण थांबवावाही

तासाला व्हिडिओ दाखवण्याची प्रथा आता आपल्या महाविद्यालयांत चांगलीच रुळली आहे. ती बंद करावी असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझी तक्रार निराळीच आहे, आणि ती मला सुचली इंदुरात.

गेल्या पावसाळ्यात घरच्या कामासाठी रामबागेत मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ तिथे बी. कॉम.ला आहे. बाईंची परवानगी काढून एक दिवस त्याच्या वर्गात बसलो. विषय घसाऱ्याचा, घटती शिल्लक पद्धत. पडद्यावर हिंदी व्हिडिओ चालू होता: एक लाखाचे यंत्र, दर १० टक्के, पहिल्या वर्षी घसारा १०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ९,०००. इथे बाईंनी व्हिडिओ थांबवला आणि विचारले, "तिसऱ्या वर्षी किती?" अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, आठ हजार! खोटे कशाला सांगू, मीही मनात तेच म्हटले होते. मग बाईंनी फळ्यावर शिल्लक मांडली. ९०,००० मधून ९,००० वजा, राहिले ८१,०००. त्याचे १० टक्के म्हणजे ८,१००. बारा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा तास लागला; पण ती चूक माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

आमच्याकडे काय होते? व्हिडिओ लागतो, दिवे मालवतात, हजेरीचा कागद बाकांवरून फिरतो आणि सर कचेरीत जातात. प्रवेश, परीक्षा, निरनिराळी विवरणपत्रे असा त्यांच्यामागे कामांचा डोंगर असतो हे आम्हांला दिसते. दोष एकट्या सरांना देता येणार नाही. पण 'आठ हजार' म्हणणाऱ्याला त्या अंधारात कोण अडवणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाले, तेही सुरुवातीला इंग्रजीतून. समजो न समजो, गाडी पुढे जायची. दूरदर्शन थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते. पुढे विद्यापीठांतून असे कार्यक्रम तयार करणारी केंद्रे निघाली. त्यांतले एक इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात आहे. २०१७ साली 'स्वयम्' आले आणि तेच शिक्षण मोबाइलवर, हवे तेव्हा थांबवता येईल असे मिळू लागले. व्हिडिओचा खरा लाभ माझ्या मते एवढाच, की तो थांबतो. आणि नेमका तोच लाभ सोडून आपण तो १९८४ च्या दूरदर्शनसारखा चालू ठेवून निघून जातो!

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा महाविद्यालय देऊ शकते. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. त्या योजनेतही व्हिडिओ एकटा नाही. सोबत वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंका विचारण्याची सोय धरलेली आहे. वर्गात मात्र आपण चारांतला एकच भाग उचलला.

आमच्यासारख्यांना आणखी एक अडचण. शाळेत मी रोजकीर्द आणि खतावणी शिकलो. इथे आल्यावर तीच जर्नल आणि लेजर झाली, आणि पहिले सहा महिने मी ओळखीच्या माणसांना अनोळखी समजत होतो. माझ्या बाकावरचा मित्र कन्नड माध्यमाचा. घसाऱ्याला ते लोक 'सवकळी' म्हणतात. घसारा घासण्यावरून, सवकळीही झिजण्यावरूनच. 'डेप्रिसिएशन' ऐकून आम्हां दोघांच्याही डोळ्यांपुढे काही येत नव्हते; हे दोन शब्द शेजारी ठेवले तेव्हा झिजणारे यंत्र दिसले. कोणत्या वर्गात कोणता शब्द पेरायचा हे दूरच्या व्हिडिओवाल्याला कसे कळावे? ते समोर उभ्या असलेल्यालाच कळते, आणि त्यासाठी व्हिडिओ थांबवावा लागतो.

तेव्हा प्राध्यापकांना विनंती एवढीच, की व्हिडिओ अवश्य लावा, पण वर्गात थांबा आणि एका तासात निदान तीनदा तो बंद करून आम्हांला विचारा. घसाऱ्याचा धडा आमच्या खालच्या वर्गाला पुढच्या महिन्यात आहे. तिथून सुरुवात करता येईल.