लेकराला जुनं अंगडं

दिवाळी तोंडावर आली की चंद्रपूरच्या बाजारात लेकरांच्या कपड्यांसाठी झुंबड उडते. दोन वर्षांच्या पोराला घेतलेला झगमगीत ड्रेस एकदा-दोनदा अंगाला लागतो आणि होळीपर्यंत आखूड होतो.

खरं तर नव्या जिवाला जुनं कापड, ही आपलीच रीत. आजीचं लुगडं धुऊन धुऊन मऊसूत झालं की त्यातून दुपटं, लंगोट, झबलं निघायचं. त्याला खळ नाही, टोचणारी लेस नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी भरलेल्या अंगाला तेच सोसतं. वरोरा, राजुरा, कोरपन्यातल्या कापूसवाल्यांना सुती कपड्यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. शिवाय एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा हिशेब जगभर मांडला जातो.

तरीही ‘दुसऱ्याचं उतरलेलं’ लेकराला घालायला आईबाप कचरतात. आम्हाला हा संकोच पटत नाही. थोरल्याचा शर्ट धाकट्याला चालतो, तर शेजारच्या ताईच्या मुलाचा का नाही? वापरलेला कपडा विकत घेतला तरी बिघडत नाही. शिवण, काजं, इलॅस्टिक नीट पाहा, गरम पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा.

देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. माडिया आदिवासींच्या अंगावर पुरते कपडे नाहीत हे पाहून भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात डॉ. प्रकाश आमटे यांनी स्वतः बनियन आणि अर्ध्या चड्डीवर राहणं पत्करलं. त्या भामरागडकडे फाटक्या कपड्यांचं गाठोडं पाठवणं शोभत नाही. तुटलेली बटणं लावा, कपडे धुवा, घडी घाला, मगच द्या. आणि या दिवाळीत आपल्या लेकरासाठीही एक तरी कपडा असाच, कुणीतरी वापरलेला, आनंदाने घ्या.